हिशेब येतो, व्यवहार येत नाही

‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वेक्षणाच्या २०२३ च्या फेरीत ‘प्रथम’ संस्थेने ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना वजाबाकी-भागाकार तर घातलेच, शिवाय रोजच्या पैशाचेही तीन प्रश्न विचारले. हातातल्या रकमेत खर्च बसवायचा, सवलत वजा जाता किंमत किती होते ते सांगायचे आणि कर्ज घेतले तर एकूण किती फेडावे लागेल ते काढायचे. निदान वजाबाकी येणाऱ्या मुलांपैकीही पहिला प्रश्न सुटला साठ टक्क्यांहून थोड्या अधिक जणांना, सवलतीचा सुमारे ३७ टक्क्यांना आणि कर्जफेडीचा फक्त दहाएक टक्क्यांना. ही मुले शाळेकडे कधी न फिरकलेली नव्हेत. पाहणीतल्या ८५ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे कुठल्या ना कुठल्या शाळा-महाविद्यालयाच्या पटावर होती. आणखी तीन-चार वर्षांत त्यांच्यातले बरेच जण मोबाइल किंवा दुचाकी हप्त्यावर घेतील आणि दुकानदाराने पुढे केलेल्या कागदावर सही करतील. जो प्रश्न सर्वांत कमी जणांना सुटला, तोच सर्वांत महाग पडणारा आहे.

शाळेत पैशाविषयी काहीच शिकवत नाहीत, ही नेहमीची तक्रार मात्र खरी नाही. शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, चक्रवाढव्याज हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. महाराष्ट्रात तर नववी आणि दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. नववीत बचत, गुंतवणूक आणि आयकर. दहावीत जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड आणि एसआयपी. कर आणि बाजार यांच्याशी मुलांची गाठ घालून द्यावी असे अभ्यासक्रम करणाऱ्यांना वाटले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण हे प्रकरण शिकून होते काय? विद्यार्थी दर्शनी किंमत आणि बाजारभाव यांवरून परताव्याचा दर काढतो, सीजीएसटी-एसजीएसटी वेगवेगळे मांडतो आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतो. त्याच्या घरी बचत गटाचे कर्ज ‘शेकडा दोन’ने आलेले असते, सावकाराचे ‘शेकडा तीन’ने. हे दर महिन्याचे आहेत, म्हणजे वर्षाचे चोवीस आणि छत्तीस टक्के, हे वहीतल्या गणिताशी त्याच्या मनात जोडले जाईलच असे नाही. माझे म्हणणे असे की ही जोडणी आपोआप होत नाही, आणि ती होईल असे गृहीत धरणे हीच आजवरची मोठी चूक आहे. पैशाचा व्यवहार हे गणिताहून निराळे कौशल्य आहे. ते शिकवायचे तर खऱ्या किमतीत, खऱ्या दुकानात आणि खऱ्या निवडीत, पुन्हा पुन्हा शिकवावे लागते.

या म्हणण्याला भक्कम पुरावा आहे. १९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारले. नारळ ३५ क्रुझेरोला, तर दहा नारळांचे किती? मुलाने ३५ पुढे शून्य लावले नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे २१०, अशी तिनातिनाने बेरीज करत तो ३५० वर पोहोचला. अशा तोंडी सौद्यांत मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. मुले तीच, आकडे तेच, फक्त जागा बदलली. नमुना अगदी लहान होता, म्हणून या निष्कर्षावर किती भार टाकावा याबद्दल शंका घेता येत होती. ती २०२५ मध्ये बरीचशी मिटली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. आठशे ग्रॅम बटाटे आणि एक किलो चारशे ग्रॅम कांदे, अशी मुद्दाम अडनिडी वजने मागून दोनशेची नोट पुढे केली, तरी जवळजवळ सगळी मुले हिशेब चोख करत होती. शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या भागाकारापाशी त्यांच्यातली बहुसंख्य अडली. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. बाजारात काम न करणारी शाळकरी मुले वहीतला भागाकार त्यांच्यापेक्षा चांगला करत, पण दुकानातल्या व्यवहारात मागे पडत. तिथेही ती कागद-पेन्सिलीची लांबलचक रीतच धरून बसत.

या दोन अभ्यासांचा उपयोग बहुधा ‘बाजारातल्या मुलांना शाळेत न्याय मिळत नाही’ हे सांगायला केला जातो, आणि ते योग्यच आहे. मला त्यांची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची वाटते. शाळेत ज्यांचे सगळे ठीक चालले आहे, ज्यांच्या गुणपत्रिकेकडे पाहून आईवडील निश्चिंत असतात, त्यांनाही व्यवहार येत नाही. त्यांचे अज्ञान गुणांमागे दडलेले असते, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते उघडे पडते ते नोकरीच्या पहिल्या वर्षी, क्रेडिट कार्डाच्या ‘किमान देय रक्कम’ या ओळीपाशी.

मग पैशाचे स्वतंत्र शिक्षण द्यावे तर त्याचा उपयोग होतो का? या प्रश्नावर संशोधकांत पुष्कळ वाद झाला आहे आणि त्याची दिशा गेल्या दहा वर्षांत बदलली आहे. २०१४ मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर यांनी आधीच्या २०१ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. लोकांच्या आर्थिक वागणुकीत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का भाग अशा शिक्षणाने समजावता येतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. अल्प उत्पन्नाच्या लोकांवर परिणाम आणखी कमी, आणि शिकलेले महिन्यागणिक विरत जाणारे. पैशाच्या शिक्षणावर पाणी सोडावे असे वाटायला लावणारा हा ताळा होता. त्यानंतर २०२२ मध्ये कायझर, लुसार्डी, मेंकहॉफ आणि अर्बन यांनी फक्त चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले ७६ प्रयोग घेतले. त्यांत एक लाख साठ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांना ज्ञान आणि वागणूक या दोन्हींवर चांगला परिणाम दिसला. अमेरिकेतही असेच दोन सूर आहेत. कोल, पॉलसन आणि शास्त्री यांना राज्यांनी सक्तीच्या केलेल्या आर्थिक अभ्यासक्रमांचा परिणाम दिसला नाही; गणिताचे जादा तास मिळालेल्यांची मात्र पुढे गुंतवणूक आणि कर्जफेड सुधारलेली दिसली. पुढे जॉर्जिया, आयडाहो आणि टेक्सास या राज्यांनी नीट आखलेला अभ्यासक्रम आणल्यावर तिथल्या तरुणांची कर्जे थकण्याचे प्रमाण घटले, असे अर्बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

हे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत. एका तासाचे व्याख्यान, एक माहितीपुस्तिका आणि वर्षभर चालणारा, इतर विषयांत विणलेला अभ्यासक्रम या सगळ्यांना ‘आर्थिक शिक्षण’ असे एकच नाव दिले, की सरासरी शून्याजवळ येणारच. फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही शिक्षण बंद करा असे म्हटले नव्हते. निर्णयाची वेळ जवळ आली असेल तेव्हाच त्या निर्णयापुरते शिकवा, असा त्यांचा सल्ला होता. सातवीतल्या मुलीला म्युच्युअल फंड शिकवला तर पैसे हाती येईपर्यंत ती तो विसरून जाईल. तीच मुलगी वह्या, पेन, खाऊ आणि मोबाइलचे रिचार्ज आजच विकत घेते. कुठल्या वयात काय शिकवावे याचे उत्तर त्या वयात ती काय विकत घेते, यातच आहे. म्हणूनच बचत आणि गुंतवणुकीच्या आधी खरेदी शिकवली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो.

हे शिकवण्याचे शास्त्र जिथे सर्वांत बारकाईने घडले, तिकडे सर्वसाधारण शाळांचे लक्षच गेलेले नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांत पैसा आणि खरेदी हा वरकड विषय नसतो. मूल पुढे कितपत स्वतंत्र जगेल हे त्यावर ठरते. तिथल्या शिक्षकांना ‘समजले असेल’ असे म्हणून पुढे जाता येत नाही, कारण समजले की नाही ते दुकानाच्या फळीपाशी लगेच कळते. म्हणून त्यांनी काम बारीक पायऱ्यांत फोडले. यादी वाचणे, वस्तू शोधणे, किंमत वाचणे, पैसे काढणे, थांबणे, सुटे परत घेणे, पावती मागणे. प्रत्येक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. ज्यांना बेरीज-वजाबाकी येत नाही त्यांच्यासाठी ‘एक जास्त’ ही युक्ती वापरतात. आपल्या नोटांत सांगायचे तर वस्तू ३७ रुपयांची असेल, तर पहिला आकडा तीन, म्हणून दहाच्या तीन नोटा मोजायच्या आणि त्यांवर आणखी एक ठेवायची. दुकानदार तीन रुपये परत देईल. वजाबाकी न येणारा मुलगाही या रीतीने दुकानात ताठ मानेने उभा राहू शकतो.

या क्षेत्रातला १९८४ चा एक प्रयोग प्रत्येक शिक्षण महाविद्यालयात शिकवला जावा, असे मला मनापासून वाटते. जेफ्री स्प्रेग आणि रॉबर्ट हॉर्नर यांनी माध्यमिक शाळेतल्या सहा अक्षम विद्यार्थ्यांना नाणी टाकून खाऊ काढायची यंत्रे वापरायला शिकवले. आधी एकाच यंत्रावर शिकवले, मग एकमेकांसारख्या तीन यंत्रांवर. दोन्ही वेळा न शिकवलेल्या दहा यंत्रांवर मुलांची फारशी प्रगती दिसली नाही. मग त्यांनी मुद्दाम वेगवेगळ्या ठेवणीची यंत्रे निवडली. कुठे नाणे आडवे टाकायचे, कुठे उभे. कुठे बटण दाबायचे, कुठे दांडा ओढायचा. या निवडक वैविध्यावर शिकलेली मुले अनोळखी यंत्रेही वापरू लागली. नुसती उदाहरणे वाढवून भागत नाही, ती प्रत्यक्षातले फरक झाकणारी नकोत, दाखवणारी हवीत, असा याचा अर्थ. आपल्या पाठ्यपुस्तकांतली गणिते एकाच साच्याची असतात, म्हणून ती कितीही सोडवली तरी मूल एकाच यंत्रावर शिकल्यासारखे राहते. किराणा दुकान, आठवडे बाजार, औषधाचे दुकान, मॉल, रास्त भावाचे दुकान आणि मोबाइलचा पडदा या आपल्याकडच्या सहा निराळ्या जागा आहेत. एकीत घासाघीस चालते, दुसरीत नाही. एकीत वजन डोळ्यांसमोर होते, दुसरीत छापील. एकीत पावती मागावी लागते, दुसरीत ती मिळते पण कोणी वाचत नाही.

एक बिस्किटाचा पुडा हातात घेऊन पाहा. त्यावर कमाल किरकोळ किंमत आहे, सर्व करांसह. त्याहून कमी घेणे दुकानदाराच्या हातात आहे, जास्त घेणे नाही. थंड पेयाच्या बाटलीवर ‘कूलिंग’चे म्हणून दोन-पाच रुपये जादा मागतात, ते बेकायदा आहे. पुढे निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, किती काळात खावे, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक. आणि आता वेष्टनावर छापावी लागते ती एकक किंमत, म्हणजे दर ग्रॅमला किती. समजा ७५ ग्रॅमचा पुडा दहा रुपयांना आणि २०० ग्रॅमचा तीस रुपयांना आहे. पहिल्यात ग्रॅमला सुमारे १३ पैसे पडतात, दुसऱ्यात १५. मोठा पुडा स्वस्त पडतो हा घराघरांतला समज इथे खोटा ठरतो. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत तीच ठेवून आतले वजन कमी करत नेण्याची कंपन्यांची रीतही याच ओळीतून पकडता येते. पाचवीतल्या मुलांना दोन महिने हीच एक ओळ वाचायला लावली तर गुणोत्तर हा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. आठवडे बाजारात वजनमापावरचा वैधमापन विभागाचा शिक्का शोधणे, रेशनच्या पावतीवर आपल्या कार्डातल्या माणसांच्या हिशेबाने धान्य मिळाले का ते पाहणे, हे याच वर्गातले धडे. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी पाच किलो धान्याचा हक्क आहे. तो मोजता येणे हे शेअरवरच्या परताव्यापेक्षा फार अधिक घरांत उपयोगी पडते.

मोबाइलवरच्या खरेदीत अडचण आकड्यांची नसते, ती मुद्दाम बेतलेली असते. ‘दोनच शिल्लक’, ‘दहा मिनिटांत सवलत संपणार’, टोपलीत न मागता पडलेला विमा किंवा देणगी, शेवटच्या पायरीवर वाढणारे शुल्क, सहज सुरू होणारी पण बंद करताना दमवणारी वर्गणी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या रचनांची यादी करून त्यांवर बंदी घातली. ही यादी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहावी आणि मुलांनी मोबाइलच्या पडद्याची चित्रे आणून कोणती रचना कुठे दिसते ते ओळखावे. त्याने जे शिकून होईल ते ‘ऑनलाइन खरेदी करताना सावध राहा’ या वाक्याने होत नाही.

हप्त्यांचे गणित थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ‘असर’मधला दहा टक्क्यांचा आकडा इथलाच आहे. बारा हजारांचा फोन, वर्षाची मुदत, व्याज ‘फ्लॅट’ बारा टक्के. व्याज झाले १,४४० रुपये, हप्ता १,१२० चा. पुस्तकी सरळव्याज शिकलेल्याला यात काही खटकत नाही. पण बारा हजार त्याच्याकडे वर्षभर राहिलेच नाहीत, दर महिन्याला मुद्दल फिटत गेले. उरलेल्या रकमेवर मोजले तर वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ‘मुख्य माहिती पत्रक’ देणे बंधनकारक केले आहे, आणि त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहावा लागतो. दहावीच्या वर्गात जीएसटीचे एक उदाहरण कमी करून असे एक पत्रक वाचायला दिले, तर अर्थनियोजनाचे प्रकरण खऱ्या अर्थाने जमिनीवर येईल.

करून शिकण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेली नई तालीम, १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’, विद्यार्थ्यांनीच चालवायची शाळेतली ‘संचयिका’, आणि १९७० च्या दशकात पुण्या-मुंबईत उभी राहिलेली ग्राहक पंचायतीची चळवळ, ही सगळी इथलीच. आजही कितीतरी जिल्हा परिषद शाळांत बालबाजार भरतो, स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ होते. मुले भेळ, वडे, मेथीच्या जुड्या विकतात आणि गल्ला मोजतात. उत्साहात काहीच कमी नसते. उणीव राहते ती हिशेबात. कुरमुरे, तेल आणि गॅस घरून आलेला असतो, आईचे सकाळभराचे श्रम कोणी लिहीत नाही, आणि आलेला सगळा गल्ला ‘नफा’ म्हणून फळ्यावर चढतो. शिळी उरलेली भेळ कुठल्या रकान्यात जाते? खरेदीची पावती, उसने घेतलेले भांडवल, मजुरी आणि उरलेला माल असे चार रकाने आखले तर हाच बाजार वर्षातला सर्वांत मोलाचा तास होईल. आणि तो दर वेळी एकाच साच्यात भरवून पुरत नाही, हे स्प्रेग-हॉर्नर यांच्या प्रयोगाने आधीच सांगितले आहे.

या विचाराला होणाऱ्या हरकती हलक्या नाहीत. हे घरचे काम आहे, शाळेवर किती लादणार, ही पहिली. ज्या घरात वहीखाते ठेवतात तिथे मूल बघून शिकते हे खरे. पण सगळ्या घरांत पैशाची बोलणी मुलांसमोर होत नाहीत, आणि अनेक घरांत मुलीसमोर तर मुळीच नाहीत. शाळेने हात काढून घेतला तर हे अंतर वाढतच जाते. ब्राझीलच्या सरकारी शाळांत आर्थिक शिक्षणाचा जो मोठा प्रयोग झाला, त्यात उलटा प्रवाहही दिसला. मुलांनी शाळेतून नेलेल्या धड्यांमुळे पालकांचे ज्ञान वाढले. तासांचे म्हणाल तर नव्या विषयाची गरज नाही. परिसर अभ्यास, गणित आणि मराठी यांच्या तासांत हे मावते. तक्रारीचे पत्र लिहायचे तर खऱ्या बिलाची प्रत जोडून लिहावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, त्यांतले दोन बाजारात जावेत.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. ज्यांच्याकडे पैसाच नाही त्यांना पैशाचे व्यवस्थापन शिकवून काय मिळवायचे? गरिबी ही हिशेब न येण्यामुळे नसते, हे अगदी मान्य. तरीही रोजची खरेदी लहान पुड्यांत करणाऱ्यालाच एकक किमतीचा फटका बसतो, उधारीच्या वहीतली ओळ त्यालाच वाचता यायला हवी, आणि शिष्यवृत्ती खात्यात आली की कुठे अडकली हे पासबुकावरून त्यालाच शोधावे लागते. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते उघडून चालवता यावे, अशी मोकळीक रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना दिली आहे; ती वापरायची कशी हे शिकवणारे मात्र कोणी हवे. एक सावधगिरी इथे आवश्यक आहे. घानातल्या १३५ शाळांच्या प्रयोगात ज्या गटाला नुसती बचत शिकवली, त्या मुलांनी अधिक काम करायला सुरुवात केली. ज्या गटात बचतीच्या जोडीला हक्कांची आणि समाजाची चर्चा होती, तिथे तसे झाले नाही. ‘पैसे जमवा’ एवढेच सांगितले तर मूल कमवायला निघते. म्हणून सरावाचे पैसे शाळेने द्यावेत, घरून मागवू नयेत, आणि कोणी किती साठवले याची यादी फळ्यावर लावू नये.

तिसरी हरकत अशी की सगळी जबाबदारी ग्राहकावर टाकली की फसवणारा सुटतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे बाजारातल्या दर १०० वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि एकूण नुकसान १.८ लाख कोटींच्या वर गेले. या व्यापाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ वर चढला. एवढ्या मोठ्या तोट्याला वर्गातल्या धड्याने बांध घालता येणार नाही. तिथे नियंत्रणच हवे. हे मी पूर्ण मान्य करतो. पण कायदा कागदावर असून वापरात नसतो, तेव्हा तो वापरणारे नागरिक घडवणे हे शिक्षणाचेच काम आहे. ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू-सेवेच्या तक्रारीला शुल्क नाही, १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे ऑनलाइन गेले तर १९३० वर लगेच कळवावे लागते, हे दहावी झालेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असायला हवे. नागरिक घडवायचे आहेत, गिऱ्हाईक नव्हे, म्हणूनच बँका, विमा कंपन्या आणि ब्रोकर यांना वर्गात शिकवायला बोलावणे मला गैर वाटते. त्यांची माहिती खोटी असते म्हणून नव्हे. पाठ संपताना खाते उघडण्याचा अर्ज पुढे येतो म्हणून. रिझर्व्ह बँक, सेबी, इर्डाई आणि पीएफआरडीए या चार नियामकांनी मिळून उभ्या केलेल्या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राचे साहित्य आणि शाळेचा स्वतःचा शिक्षक, एवढे पुरे आहे.

उरला परीक्षेचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळे तिथेच अडते. जे परीक्षेत तपासले जात नाही, ते आपल्या शाळांत शिकवले जात नाही. अर्थनियोजनाच्या गुणांतला काही भाग अंतर्गत मूल्यमापनात टाकून विद्यार्थ्यापुढे दोन पुडे, एक वीजबिल आणि एक कर्जाचे पत्रक ठेवावे आणि कोणते घेशील, का, आणि चूक सापडली तर कुणाला लिहिशील, हे विचारावे. त्याचा निकाल काय लागला हे पाहायला मात्र घाई करू नये. ब्राझीलच्या त्याच प्रयोगात ८९२ सरकारी शाळांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांना आर्थिक शिक्षणाचा अभ्यासक्रम दिला, तेव्हा गुण आणि बचत वाढली, पण त्याच मुलांत महागडी उधारी करून वस्तू घेण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. तेवढ्यावर थांबले असते तर प्रयोग फसला असे कोणीही म्हटले असते. नऊ वर्षांनी कर्जाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तीच मुले महाग कर्जापासून अधिक दूर होती, थकबाकीत कमी होती आणि त्यांच्यातल्या अधिक जणांनी स्वतःचा छोटा धंदा उभा केला होता. महाराष्ट्राने दोन जिल्ह्यांतल्या शाळांत असा प्रयोग सुरू करायचा तर पहिली अट हीच असावी, की त्यातली मुले पंचविशीत पोहोचेपर्यंत त्यांचा माग घेण्याची तरतूद पहिल्याच दिवशी केलेली असेल.